सर्वांनी डोळे मिटावेत

लट्रिस पिट्सच्या पाठीवरून हात काढून घेताना ऑर्थेला मॅकवेचा हातमोजा तिच्या गालाला ओझरता घासला, आणि पांढऱ्या सुती बोटांवर तपकिरी पावडर उमटली. पावडर निघाली तिथे गाल जांभळा होता, कडेने लालसर, मधे ताणून चकाकणारा, बोट लावलं तर फुटेल असा. लट्रिसने चटकन मान वळवली. तिच्या पलीकडे तिचा नवरा, डीकन रोडेल पिट्स, कुणाला तरी हसून "देवाची कृपा, भाऊ, देवाची कृपा" म्हणत होता, आणि त्याच्या एका हाताची बोटं तिच्या दंडात रुतलेली होती. ऑर्थेलाने सवयीने कागदी हातपंखा पुढे केला. "या सिस्टर, तिसऱ्या रांगेत जागा ठेवलीय," ती म्हणाली. दोघं पुढे गेली. ती दारापाशी परत आली, डावा हात कमरेमागे घेऊन ताठ उभी राहिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तोंडात लोखंडाची चव आलीय. ओठ आतून चावला गेला होता.

एकसष्ट वर्षांची बाई. तीस वर्षं तिने मेम्फिसच्या रस्त्यांवर सिटी बस चालवली होती. दारूडे, चाकू काढणारे, सीटवर मुतणारे, सगळे तिने ब्रेकवरचा पाय न हलवता खाली उतरवले होते. आणि सव्वीस वर्षं ती लिव्हिंग सीडर चर्चच्या दारावर सेविका होती; सगळे तिला मानाने मदर म्हणत. कुणाला कुठे बसवायचं, रडकं मूल केव्हा बाहेर न्यायचं, आत्मा अंगात संचारून थरथरणारी बाई कोसळायच्या आत तिच्या मागे कसं उभं राहायचं, हे तिला झोपेतसुद्धा जमलं असतं. असे गालही तिने पुष्कळ पाहिले होते. रविवारी सकाळी दारात उभ्या राहणाऱ्या बाईला आदल्या दिवशी कुठल्या घरात काय झालं ते पावडरीच्या थरावरून कळतं. मोठी टोपी, काळा चष्मा, भर जुलैत मनगटापर्यंत बाह्या. कळतं, आणि मग पंखा पुढे करायचा. आज मात्र ते तपकिरी बोट तिला कमरेमागे जाणवत राहिलं, भाजल्यासारखं. गायकवृंद उभा राहिला, ढोल घुमला, आठशे माणसं टाळ्या वाजवत डुलू लागली, आणि तिला वाटलं की प्रत्येक टाळीसरशी कुणाच्या तरी थोबाडीत बसतेय.

आईचे पुढचे दोन दात रुमालात होते. ऑर्थेला तेव्हा दहा वर्षांची, आणि गावात कचरा उचलणाऱ्यांचा संप चालू होता. बाप कचऱ्याच्या गाडीवर होता. एका दुपारी तो आणि आणखी चाळीसएक जण पोलिसांच्या काठ्या खाऊन, डोळ्यांतून धुराचं पाणी गाळत पळत आले आणि चर्चच्या तळघरात घुसले. ऑर्थेलाने तेव्हा तसराळं धरलं होतं. फडकं बुडवलं की पाणी गुलाबी होत होतं, मग लाल, मग तिने पाहणंच सोडलं. वर दारात रेव्हरंड स्टब्स उभे होते, कपाळ फाटलेलं, एक डोळा रक्ताने बंद, आणि बाहेरच्या पोलिसांना शांतपणे सांगत होते, "हे देवाचं घर आहे. काठ्या पायरीवर ठेवा, मग आत या." एकही आत आला नाही. त्या दिवशी तिला वाटलं होतं की हा माणूस दाराएवढा उंच आहे. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच तळघरात आई रुमाल घेऊन त्यांच्यासमोर बसली होती, आणि ऑर्थेला जिन्यावर. "दिवसभर सगळं जग त्याला चिरडतंय, सिस्टर," रेव्हरंड म्हणाले, खरोखर कळवळून म्हणाले, "घरात तरी त्याला राजा होऊ दे." आईने मान डोलावली. रुमालाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. घरी येऊन बटाटे सोलायला बसली. लोक आता म्हणतात, जुने पाद्री वेगळे होते, आताचे विकले गेले, मोटारी आल्या, पडदे आले, अंगरक्षक आले. ऑर्थेलाही म्हणायची. म्हणताना तो रुमाल आठवला की वाक्य अर्धवट सोडायची.

व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या पडद्यांवर अक्षरं झळकली: विवाह-महिना, या रविवारची साक्ष, डीकन रोडेल आणि सिस्टर लट्रिस पिट्स. खाली दोघांचा फोटो, पांढऱ्या कपड्यांत, हसरा. लोकांनी टाळ्या दिल्या. बिशप कॉर्नेल हॅस्किन्स खुर्चीतून अर्धवट उठले, रोडेलकडे बोट दाखवून हसले. देखणा माणूस, पन्नाशीचा, आवाज असा की दुखऱ्या दातावर लवंगेचं तेल लावावं. रोडेल त्यांचा उजवा हात. जेवणवाटप त्याच्याकडे, तुरुंगभेटी त्याच्याकडे, शाळेतल्या पोरांना शिस्त लावायला तोच जायचा. तिसऱ्या रांगेत लट्रिसची मान फोटोकडे वळली, मग खाली गेली. ती उठली. रोडेलने तिचा हात धरला, ती काहीतरी पुटपुटली, पोटावर हात ठेवून. आजूबाजूची माणसं बघतायत म्हणून त्याने सोडलं. गायकांच्या खोलीशेजारच्या बोळात ती शिरली. तिथे बायकांचं स्वच्छतागृह होतं. ऑर्थेलाने समोरच्या दारावरच्या विल्हेल्मिना ब्रूक्सला खूण केली, माझी बाजू सांभाळ. विल्हेल्मिनाच्या भुवया वर गेल्या. सव्वीस वर्षांत ऑर्थेलाने उपासना चालू असताना जागा सोडली नव्हती.

लट्रिस वॉशबेसिनच्या कडेला धरून ओकत होती. नुसतं पाणी. ऑर्थेलाने आतून कडी घातली, हातमोजे काढले आणि तिच्या मानेवर ओला कागदी रुमाल धरला. मानेवरही होतं. चार बोटांचं एका बाजूला, अंगठ्याचं दुसऱ्या.

"कधी झालं?"

"मी पडले, मदर."

"गळ्यावर पडलीस?"

लट्रिस हसली, आणि हसताना तिचा खालचा ओठ फाटला. "त्यानं मला आजची साक्ष पाठ करायला लावली," ती म्हणाली. "मी चुकले की पहिल्यापासून. 'माझ्या नवऱ्यानं मला संयम शिकवला.' त्या वाक्याला मी सारखी अडखळायची. सहा वेळा अडखळले." तिने झगा बरगड्यांपर्यंत वर केला आणि खाली सोडला. ऑर्थेलाला पाहायचं नव्हतं, पण दिसलं. "फोन त्याच्याकडं आहे. किल्ल्या त्याच्याकडं. जॅक्सनला आई आहे माझी. मला फक्त रस्त्यापर्यंत सोडा मदर, मी चालत जाईन."

"पंचाऐंशी मैल आहे, पोरी."

"मग चालेन पंचाऐंशी मैल."

डेनिटाने असं काही म्हटलं नव्हतं. डेनिटा ऑर्थेलाच्या बहिणीची मुलगी, बहीण गेल्यावर नऊ वर्षांची असल्यापासून तिनेच वाढवलेली. अकरा वर्षांपूर्वी ती तीन बरगड्या मोडून ऑर्थेलाच्या स्वयंपाकघरात आली, आणि ऑर्थेला तिला कुठे घेऊन गेली? दवाखान्यात नंतर, आधी बिशपकडे. गार हवा, मऊ गालिचा, काचेच्या वाडग्यात पेपरमिंटच्या गोळ्या. कर्टिसला बोलावून घेतलं, दोघांचे हात एकमेकांत दिले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. कर्टिस ढसाढसा रडला. ऑर्थेलाही रडली. मंगळवारी संध्याकाळी तिने स्वतःच्या गाडीतून डेनिटाला त्याच्या घरी सोडलं. वाटेत डेनिटाने समोरची झडप खाली ओढून आरशात लिपस्टिक लावली, फार सावकाश, कडा न सोडता. दारात उतरताना म्हणाली, "मावशी, थोडा वेळ थांबतेस?" ऑर्थेलाला सहा वाजता चर्चमध्ये पोचायचं होतं. शनिवारी कर्टिसने बाथरूमच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या, आणि पाचवी स्वतःच्या हनुवटीखालून. पोलिसांनी सगळं नेल्यानंतर फरशी ऑर्थेलाने पुसली. फरशीच्या फटींत गेलेलं निघत नाही, दात घासायच्या ब्रशनेही नाही. आणि बिशपनी दोघांना एकाच दिवशी पुरलं. दोन पेट्या शेजारी शेजारी, सारखी फुलं. "शत्रूने या घरावर हल्ला केला," ते म्हणाले, आणि शत्रूचं नाव घेतलं नाही. लोक आमेन आमेन म्हणत होते. ऑर्थेला दारावर उभी राहून पंखे वाटत होती. तिने तेव्हा का नाही तो पंख्यांचा गठ्ठा फेकून दिला? अकरा वर्षं ती हे स्वतःला विचारत होती, आणि दर रविवारी नऊ वाजता हातमोज्यांना इस्त्री करत होती. जाणार कुठे? ज्या माणसांनी तिला त्या आठवड्यात जेवू घातलं, अंघोळीला बसवलं, ती सगळी इथलीच होती. ज्यांनी डेनिटाला परत पाठवलं तीही.

दारावर टकटक झाली. बिशपचा अंगरक्षक, कानात वायर घातलेला, मानेला घड्या पडलेला आडदांड माणूस: "मदर मॅकवे, दहा मिनिटांत साक्ष आहे. सिस्टर पिट्सना पाठवा."

"बरं नाही तिला."

"बिशपनी सांगितलंय."

"मग बिशपना सांग की मी सांगितलंय."

थोड्या वेळाने बिशप स्वतः आले. बाहेर गायकवृंद एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत होता, म्हणजे वेळ काढायचा इशारा झाला होता. "मदर," दाराच्या फटीतून तो आवाज आला, मऊ, जवळचा, जणू तिच्या मानेवर श्वास सोडत होता. "दार उघडा. घरातली गोष्ट आहे, घरात मिटवू. बाहेर चार शहरांतले लोक पडद्यावर बघतायत."

"तिच्या गळ्यावर बोटं उमटलीयत, बिशप."

"ठाऊक आहे मला. रोडेलनं स्वतः येऊन कबूल केलं, शुक्रवारी. गुडघे टेकून रडला माझ्यासमोर. मी त्याच्यावर काम करतोय."

"शुक्रवारी?" लट्रिस म्हणाली, पण फार हळू, दारापलीकडे ऐकू गेलं नसावं. "मारलं त्यानं शनिवारी."

बिशप बोलत राहिले. "मग काय करणार आहात तुम्ही? त्यांना फोन लावणार? पोलिसांना? आपल्या आणखी एका माणसाला त्यांच्या हातात देणार? तुमच्या अलोन्झोचं त्यांनी काय केलं ते तुम्ही विसरला असाल, मदर, मी नाही विसरलो."

अलोन्झो तिचा धाकटा भाऊ. पेट्रोल पंपावर, हातात गाडीच्या टाकीचं झाकण. पोलिसांना ते पिस्तूल वाटलं. शवपेटीत त्याचा चेहरा झाकावा लागला होता, कारण तो उरला नव्हता. हॅस्किन्सना ते कुणीतरी सांगितलेलं होतं. तेव्हा ते या गावातही नव्हते. पण बाण बसला. हाताने कडी चाचपली. रोडेलचं तोंड तसंच झालं तर? त्याची आई पाचव्या रांगेत बसते, मधुमेहाने पाय सुजलेली, तिलाही पंखा द्यावा लागतो. तिची बोटं कडीवर होती, खरंच होती. अर्धी कडी सरकली होती. तिने मागे वळून पाहिलं. लट्रिसला कडीचा आवाज कळला होता. तिने पर्समधून डबी काढली आणि आरशात बघून गालावर पुन्हा पावडर लावायला लागली. सावकाश. कडा न सोडता.

ऑर्थेलाने कडी परत सरकवली.

"बिशप," ती म्हणाली, "जा तुम्ही. तुमचं प्रवचन राहिलंय."

बाहेर तोच मऊ आवाज, पण दुसऱ्या कुणाशी तरी: "रोडेल, बायको तुझी आहे. तू बघ." आणि बूट दूर गेले. लगेच ऑर्गन घुमला, सगळा जोर लावून. भिंतीवरचा आरसा थरथरायला लागला. ऑर्थेलाला त्या ऑर्गनचा अर्थ कळला. ढोल त्यात मिसळला. आता इथे कुणाचं डोकं भिंतीवर आपटलं तरी ते तालातच आपटणार होतं.

पहिल्या लाथेला कडी वाकली. दुसऱ्या लाथेला चौकटीचा लाकडी तुकडा उडून बेसिनमध्ये पडला. रोडेल आत आला तेव्हा त्याच्या कोटावर साक्षीसाठी लावलेला छोटा माइक होता, आणि तो हसत होता, तेच दारातलं हसणं. "मदर, बाजूला व्हा," तो अदबीने म्हणाला. "म्हातारपणी हाडं जुळत नाहीत." ऑर्थेला हलली नाही. त्याने तिला उघड्या हाताने मारलं. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याने कधी हात लावला नव्हता, बापाने आईवरच भागवलं होतं. चष्मा गेला, कानात शिट्टी वाजू लागली, आणि ती संडासाच्या आडोशावर आदळून खाली बसली. धुरकट दिसत होतं. रोडेलने लट्रिसचे केस हाताला गुंडाळले आणि तिला दाराकडे ओढायला सुरुवात केली. लट्रिस ओरडत नव्हती. तिच्या टाचा फरशीवर किरकिरत होत्या, आणि तो दातओठ खात तिला शिकवत होता, "म्हण. माझ्या नवऱ्यानं. म्हण. माझ्या नवऱ्यानं मला."

संडासाच्या टाकीवर चिनीमातीचं जड झाकण असतं. ते ऑर्थेलाच्या हातात कसं आलं हे तिला नंतर नीट सांगता आलं नाही. वजन आठवत होतं, गारवा आठवत होता, आणि हे आठवत होतं की डोक्यावर मारायचं की पायावर, असा विचार तिने केला होता. डोक्यावर मारावंसं तिला फार, फार वाटलं होतं. तिने आडवं फिरवून गुडघ्यावर घातलं. आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. रोडेल एका बाजूला कलला, केस सुटले नाहीत, म्हणून तिने दुसऱ्यांदा घातलं, खांद्यावर, आणि झाकण फुटून तिच्या तळव्यात घुसलं. मग तो पडला आणि ओरडायला लागला. फरशीवर रक्त होतं, तिचं. त्याचं नव्हतं, त्याचं काहीच बाहेर आलं नव्हतं, नुसता पाय नको त्या दिशेला वळलेला. तिला लाज वाटायला हवी होती. तिला भूक लागल्यासारखं वाटत होतं. अजून एक घालावं, अजून एक, कर्टिसला एक, बापाला एक. लट्रिसने तिचं मनगट धरलं. "मदर. चला. मदर."

बोळाच्या एका टोकाला अंगरक्षक होता. तो दोघींकडे आणि आतल्या आरडाओरड्याकडे आळीपाळीने बघत राहिला आणि पुढे आला नाही, पण वाटही सोडली नाही. दुसरं टोक सरळ सभागृहात उघडत होतं. त्या व्यासपीठाच्या बाजूने बाहेर आल्या. ऑर्थेलाचा पांढरा गणवेश छातीपासून खाली लाल झालेला, लट्रिसचे केस एका बाजूने उपटलेले. पहिल्या रांगेतली एक बाई "अगं बाई" म्हणून अर्धवट उठली. ऑर्गन थांबला. एक क्षण सगळं चर्च पाहत होतं, खरंच पाहत होतं, आठशे माणसं. मग बिशपनी माइक ओठांशी नेला. "मंडळी, शत्रू आपल्यात आलाय," ते म्हणाले, अतिशय शांतपणे. "प्रार्थना करू या. सर्वांनी माना झुकवाव्यात. सर्वांनी डोळे मिटावेत." आणि मिटले. तिने ते रांगेमागून रांग मिटताना पाहिले, वाऱ्याने गवत पडावं तसे. तिच्या हातचा पाव खाणारी माणसं, डेनिटाच्या वेळी तिला धरून बसलेल्या बायका, रोडेलची आई. मधल्या वाटेने त्या दोघी चालत होत्या आणि दोन्ही बाजूंना मिटलेल्या पापण्या होत्या. काहींच्या पापण्या थरथरत होत्या. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

ऑर्थेला अर्ध्या वाटेत थांबली. या घरात तिने कधी आवाज चढवला नव्हता. "डोळे उघडा!" ती ओरडली. आवाज चिरकला. "डोळे उघडा, कुत्र्यांनो! अकरा वर्षांपूर्वी मीही मिटले होते! उघडा!" बिशपचा आवाज वर चढला, स्पीकरमधून सगळीकडून आला, तिचा आवाज बुडाला. किती जणांनी उघडले? दहा-बारा असतील. एक म्हातारा टोपी छातीशी धरून उभा राहिला आणि नुसता उभाच राहिला.

दारात विल्हेल्मिना होती, आडव्या दांड्यावर हात ठेवून, डोळे घट्ट मिटून. चाळीस वर्षांची मैत्रीण. "प्रार्थना चालू आहे, ऑर्थेला," ती पुटपुटली. "प्रार्थनेत दार उघडत नाहीत. तुझाच नियम आहे."

"विली, बाजूला हो."

"बिशप बघतायत गं."

ऑर्थेलाने तिला ढकललं. फार जोरात. विल्हेल्मिनाचं कोपर भिंतीवर आपटलं आणि ती खाली बसली, डोळे मिटलेलेच. बाहेर ऊन असं होतं की दोघी क्षणभर आंधळ्या झाल्या.

दोघी जॅक्सनच्या रस्त्याला लागल्या. चष्म्याशिवाय ऑर्थेला पांढऱ्या रेषेच्या भरवशावर गाडी चालवत होती. तळव्याला लट्रिसने स्वतःचा स्कार्फ गुंडाळला होता आणि स्टिअरिंग चिकट झालं होतं. मग तिने डेनिटाचं सांगितलं. सगळं, सहा वाजता पोचायचं होतं तेही. लट्रिस खिडकीबाहेर कपाशीच्या शेतांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मघाशी कडी सरकली. तुम्ही मला देणार होतात."

"हो."

"खरंच देणार होतात?"

"दिलंच होतं जवळजवळ."

लट्रिसने मान हलवली. रागावली नाही, माफही केलं नाही. आईच्या दारात उतरताना तिने वळून पाहिलं नाही, आणि ऑर्थेलाला ते बरोबर वाटलं. ऑर्थेला मात्र गाडी बंद करून तिथेच बसून राहिली. आईने दार उघडलं, आतून कुलूप लावल्याचा आवाज आला, तरी बसून राहिली, तासभर.

घरी पोचली तेव्हा अंगणात पोलिसांची गाडी उभी होती. फोन चर्चमधून गेला होता. तक्रारीवर बिशपची सही होती: शस्त्राने हल्ला, उपासनेत व्यत्यय, एका सेविकेला मारहाण. तिला हसू आलं, आणि ते लगेच विरलं, कारण तिच्या हातात गाडीच्या किल्ल्या होत्या आणि त्या ऊन पडून चमकत होत्या. तिने किल्ल्या अगदी सावकाश जमिनीवर टाकल्या. दोन्ही हात वर केले. तरुण पोलिसाने तिला बोनेटवर पालथं घातलं. तापलेल्या पत्र्याने सुजलेला गाल भाजला. फुटलेल्या तळव्यावरून बेडी चढवताना तो म्हणाला, "हलू नकोस, म्हातारे." ती हलली नाही. अलोन्झोही हलला नसेल.

खटल्याचं पुढे काय झालं ते सांगून टाकावं. ऑक्टोबरात लट्रिस आईला घेऊन जॅक्सनहून आली, न्यायाधीशांपुढे गळ्याचे फोटो ठेवले, पाठ न केलेली साक्ष अडखळत अडखळत दिली, आणि ऑर्थेला सुटली. रोडेलवरचा खटला वर्षभर रेंगाळून मिटला. तो कुबडी घेऊन चर्चमध्ये आला तेव्हा लोक उभे राहिले. बिशपनी पाच रविवार बंडखोर बाईवर प्रवचन दिलं आणि विवाह-महिना पुढच्या वर्षीही झाला. पण ही गोष्ट त्या पहिल्याच आठवड्यातल्या गुरुवारची आहे. दुपारी, ऑर्थेला जामिनावर सुटून घरी आलेली असताना विल्हेल्मिना रताळ्याचं सारण भरलेला गोड 'पाई' घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आली.

"एकच वाक्य म्हणायचंय तुला," विल्हेल्मिना म्हणाली. ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, टोपी न काढता. "रविवारी पुढं येऊन. माझा तोल गेला, मला क्षमा करा. बिशप लगेच तक्रार मागं घेतील. मला मुद्दाम पाठवलंय त्यांनी."

"तक्रारीवर तुझी पण सही आहे, विली."

"आहे."

"तुझे डोळे मिटलेले होते."

विल्हेल्मिनाने पाईचा तुकडा कापला, बशीत ठेवला, बशी पुढे सरकवली. हात लांब करताना बाही वर गेली. दंडावर जांभळं होतं, मोठं, पंजाएवढं. ऑर्थेला पुढे वाकली. "मी इतक्या जोरात ढकललं तुला?"

"नाही गं. तुझं इकडं आहे," विल्हेल्मिनाने कोपर दाखवलं, तिथे नुसतं खरचटलं होतं. मग बाही खाली ओढली. ओढून झाल्यावरही बोटं तिथेच राहिली. "हे क्लिफर्डचं आहे. रविवारी घरी गेल्यावर. दार का सोडलंस म्हणून."

फ्रिजची घरघर चालू होती. क्लिफर्ड ब्रूक्स, चर्चचा विश्वस्त, सगळ्या लग्नांत नाचणारा, गमत्या. चाळीस वर्षं विल्हेल्मिना जुलैत लांब बाह्या घालायची. सव्वीस वर्षं ऑर्थेला चर्चच्या दारावर तिच्यासोबत होती.

"तुला ठाऊक होतं," विल्हेल्मिना म्हणाली. प्रश्न नव्हता.

"हो."

"मला वाटायचं, विचारेल. एखाद्या रविवारी विचारेल. मग वाटायचं, बरं झालं नाही विचारलं."

ऑर्थेलाचा टाके घातलेला तळवा ठणकत होता. बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला, दोनदा, आखूड. विल्हेल्मिना अशी उठली की खुर्ची मागे पडली. पर्स हातात, पाय दाराकडे. तिच्या अंगाने ते केलं होतं, चेहरा मागेच राहिला होता. "तोच आहे," ती म्हणाली. "बाहेर थांबलाय. मी पाच मिनिटांत येते म्हटलं होतं."

"विली," ऑर्थेला म्हणाली, "त्यानं तुला कधीपासून मारायला सुरुवात केली?"

हॉर्न पुन्हा वाजला, आता लांब. मोटारीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि आपटल्याचा. विल्हेल्मिनाने खाली पडलेली खुर्ची उचलली. ती सरळ केली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

"लग्नानंतर नवव्या दिवशी," ती म्हणाली आणि बसली.

ओसरीच्या पायऱ्यांवर बूट चढत होते.